पाट येण्याआधीची मोटार

मला मोटारींचं काडीचंही वेड नाही. उभ्या आयुष्यात मी एक स्कूटर चालवली, तीही पेडण्याच्या बाजारापर्यंत. तरी या वर्षी वैशाखापासून आषाढापर्यंत मी एक मोटार बांधत बसलो होतो. जुन्या काळातली शर्यतीची मोटार, वीतभर लांब, प्लास्टिकची, आणि शेकड्याने तुकडे. डब्यावर तिचं चित्र होतं. लांबलचक बॉनेट, बसायची जागा उघडी, सायकलसारखी तारांची चाकं आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी.

डबा आणला जावयाने. तो वास्कोला बंदरात नोकरीला आहे, तिथे बोटीवरच्या कुणीतरी त्याला दिला. "बाबा, तुमचा हात बारीक कामाचा," म्हणाला. "मूर्ती आता पुरे. फॅनखाली बसून हे करा." मुलगी शेजारी बसून मान हलवत होती, म्हणजे दोघांनी येतानाच ठरवलेलं. मला राग आला. म्हाताऱ्याच्या हातात खेळणं देऊन त्याला गप्प बसवायचं, असंच ते होतं. पण जावई पडला, त्याला काय बोलणार. बरं म्हटलं आणि डबा कपाटावर ठेवला.

मूर्ती म्हणजे गणपती. आमच्या घराला लागूनच गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आहे. आधी वडील करायचे, नंतर चाळीस वर्षं मी. आमच्याकडे तयार गणपती मांडून विकत नाहीत. आषाढात घरोघरचे पाट येतात. ज्या पाटावर गणपती बसायचा तो पाट, त्यावर नारळ आणि विड्याची पानं, असं माणूस घेऊन येतो आणि आमच्या ओसरीवर ठेवून जातो. चतुर्थीच्या आधी त्याच पाटावरून गणपती घरी नेतो. पाट एकदा एका शाळेत आला की त्या घरची माणसं पिढ्यानपिढ्या तिथेच येतात. वडिलांनी जाताना मला एवढंच सांगितलं होतं की हात चालतोय तोवर कुणाचा पाट परत करू नकोस.

आता माझा हात चालतो का, हाच प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला. म्हापशाच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, चहा कमी करा म्हणाला, वयाप्रमाणे होतं म्हणाला. मातीकामाला त्याने फारसं अडत नाही. माती माफ करते, चुकलं तर बोटाने सारखी करता येते. पितांबर, दागिने, उंदीर, तेही होऊन जातं. अडतं ते डोळ्यांच्या आखणीला. ते काम सगळ्यात शेवटी असतं. एक रेघ वर, एक खाली, मध्ये काळा ठिपका, आणि दोन्ही डोळे एकमेकांशी जुळायला हवेत. दोन वर्षं मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून, श्वास रोखून डोळे घातले. दार लावून घेत होतो. बायकोलासुद्धा आत येऊ देत नव्हतो. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, अशी माझी समजूत होती.

खरं सांगू? मी दमलो होतो. डिचोलीकडून चिकणमाती आणायची, भिजवायची, तुडवायची, महिनाभर ओल्या जमिनीवर उकिडवं बसायचं. गुडघे बोलायला लागले होते. कुणीतरी येऊन "आता पुरे" म्हणावं आणि आपण सुटावं, असं वाटायचं. आणि जावई अगदी तेच म्हणाला तेव्हा राग आला. माझं मलाच कळेना.

त्या रागातच एका दुपारी मी डबा उघडला. प्लास्टिकच्या चौकटींत तुकडे अडकवलेले होते. नेलकटरने ते सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, नंबर बघून चिकटवायचे. कागदावर सगळी चित्रंच, वाचायला अक्षर नाही. पहिले आठ दिवस मी इंजिनाशी झगडलो. ते शेवटी बॉनेटखाली जाणार, कुणाला दिसणारही नाही, तरी त्याला नळ्या, झाकणं, स्क्रूच्या टोप्या. ज्याने हे काढलं त्याला घरी काही काम नसणार. बायको पोळे भाजता भाजता मधूनच डोकावायची आणि विचारायची, "अजून चाकां नाय?"

चाकं लागली मिरगाच्या सुमाराला. तेव्हा हवेत पाणी होतं, रंग वाळेना. मी काय करावं? मूर्ती पावसात वाळवायला आमच्याकडे शंभरचे पिवळे बल्ब असतात, दोरीला टांगलेले. गणपतीच्या पोटाला देतो तशीच ऊब मी मोटारीच्या पाठीला दिली आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर बॉनेट मधोमध बसलेलं, म्हशीच्या पाठीसारखं. माती बल्बखाली घट्ट होते आणि प्लास्टिक मऊ होतं, एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षांच्या सवयीपुढे सुचली नाही. गरम पाण्यात धरून, आतून चमच्याचा दांडा लावून ते सरळ केलं. अजून उजेडात धरलं तर थोडा खोलगट भाग दिसतो.

मग पॉलिश पेपर, पुन्हा रंग, पुन्हा पेपर. रंग निळा होता. त्या निळ्याने मला काही दिवस बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. चपट्या ब्रशने एका दमात हात फिरवायचा, उलटा यायचं नाही. असे लांब हात मारताना कंप जाणवतच नव्हता. आणि त्यातूनच माझ्या डोक्यात ते शिरलं.

मोटारीच्या दोन्ही बाजूंना पांढरं वर्तुळ होतं आणि त्यात काळा आठचा आकडा. म्हणजे डोळेच की ते. पांढऱ्यात काळं, एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि दोन्ही जुळायला हवेत. मी मनाशी ठरवून टाकलं. दोन्ही आठ नीट जमले तर या वर्षी पाट घ्यायचे. नाही जमले तर सगळ्यांना नाही सांगायचं. कुणाला बोललो नाही. जमावं असं वाटत होतं की जमू नये असं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

डब्यात त्या आकड्यांची चित्रं तयार मिळालेली होती. बशीत पाणी घ्यायचं, कागद भिजवायचा, चित्र सुटं झालं की ब्रशने हवं तिथे सरकवायचं. आठ घातला की संपलं. मी तो कागद बाजूला ठेवला. तयार डोळे चिकटवायचे तर माझी गरज काय?

डोळ्यांचाच ब्रश घेतला. उजव्या बाजूचा आठ पहिल्या फटक्यात आला. इतका सुरेख आला की मी उठून पाणी प्यायलो. डाव्या बाजूला वरचा गोल पुरा केला, खालचा घ्यायला वळलो आणि हात उडाला. थिनरने पुसलं. दुसऱ्यांदा वरच्या गोलातच उडाला. तिसऱ्यांदा मनगट धरलं, श्वास धरला, करंगळी टेकवली, सगळं केलं, तरी आकडा दारूच्या दुकानातून बाहेर पडलेल्या माणसासारखा उभा राहिला. चार दिवस रोज सकाळी, उजेड चांगला असताना, मी तो आठ काढत होतो आणि पुसत होतो. पुसून पुसून खालचा निळा रंग विटला. पाचव्या दिवशी हात धुऊन मी नुसता बसून राहिलो. हात तसा दिसायला काही वाईट नाही. नखात रंग आहे, बोटं सरळ आहेत. मला त्याची कीव आली आणि भयंकर चीडही आली.

रविवारी मुलगी आणि जावई येणार होते. शनिवारी मी बशीत पाणी घेतलं.

उजव्या बाजूचा माझा आठसुद्धा पुसावा लागला, कारण छापलेल्याशी तो जुळेना. दोन्ही चित्रं बसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जावयाने मोटार हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली, मोबाईलवर फोटो काढले, आपल्या मित्रांना पाठवले. "आकडे हाताने काढलेत बाबांनी," असं कुणाला तरी फोनवर सांगितलंसुद्धा. मी जेवणाचं काय झालं ते विचारायला आत गेलो. त्या वेळी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

आणि न बोलल्यामुळे मी स्वतःशी ठरवलेलंही मोडलं. आषाढ लागला, पाट यायला लागले, आणि मी ते घेतले. मूर्ती घडवतो म्हणून मला सगळे मेस्त म्हणतात. प्रत्येकाला वाटलं, मेस्त नेहमीसारखे बसलेत ओसरीवर. आणणाऱ्याने मोटार बघितली की तो हमखास थांबायचा, कारण बायकोने ती कौतुकाने दारातल्या फळीवर ठेवली होती. अकरावा पाट घेऊन आले ते डिचोलीकडच्या लाटंबार्शाचे गृहस्थ. माझ्याच वयाचे, काजूची बाग आहे. त्यांचं मूळ घर आमच्या गावचं. आजोबा लाटंबार्शाला घरजावई गेले, पण पाट आमच्याकडचा हलला नाही. दरवर्षी एवढ्या लांबून बस बदलून येतात. येताना पोटाशी पाट धरलेला असतो, म्हणून कंडक्टरशी त्यांचं ठरलेलं भांडण होतं.

त्यांनी पाट ठेवला, नारळ सारखा केला आणि मोटारीजवळ गेले. चष्मा वर करून बराच वेळ आकडा पाहत राहिले.

"मेस्तानू, हात अजून तसोच आसा तुमचो," ते म्हणाले.

मी हसलो. चहा झाला. पावसाची, काजूच्या भावाची, गुडघ्यांची बोलणी झाली. ते उठले, चपला घातल्या, अंगणात उतरले, आणि मला ते सहन होईना. या माणसाने घरात नातवंडं आहेत, तिथे देव बसणार म्हणून पाट ठेवला होता, आणि तो माझ्या हातावर नाही, छापलेल्या चित्रावर भरवसा ठेवून. मी हाक मारली. ते परत आले.

मी सगळं सांगितलं. हाताचं, मनगट धरून डोळे घातले त्याचं, पुसलेल्या आठचं, बशीतल्या पाण्याचं. बोलताना माझा हात मांडीवर थरथरत होता आणि या खेपेला मी तो धोतरात लपवला नाही.

ते ओसरीच्या कडेला बसले. रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"आमकां खबर आसा," म्हणाले. "गेली दोन वर्सां आमचो गणपती जरा डावीकडे बघता. पयल्या वर्सा आमका वाटलां, पाट वाकडो मांडलो. मगे कळलां." पुढे म्हणाले, "आता आरतीक आमी सगळी डाव्या बाजूक उबी रवतांव. म्हणजे तेची नजर आमच्यार पडता."

लाटंबार्शाच्या त्या घरातली पंधरा-वीस माणसं, म्हातारी, पोरं, सुना, सगळी दोन वर्षं खोलीच्या एका बाजूला दाटीने उभी राहून टाळ्या वाजवतायत, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"मग पुन्हा पाट आणलात कशाला?" मी विचारलं.

"तुमी नाय म्हणासर आमी कशे हलवतले? बाबान सांगलेलां, मेस्त नाय म्हणतत तेव्हाच पाट हलवचो."

म्हणजे मी वडिलांच्या शब्दासाठी थांबलो होतो आणि ते त्यांच्या वडिलांच्या. दोघंही दमून, दोघंही गप्प.

मी उठलो. नारळ बाजूला ठेवला, पाट दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "नाय," म्हटलं. चाळीस वर्षांत हा शब्द मी कुणाला पाटाबद्दल बोललो नव्हतो. त्यांनी पाट घेतला, कपाळाला लावला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण मला दिसला, आणि सगळ्यांत जास्त मला तेच लागलं.

"डिचोलीक एक बरो चितारी आसा," मी म्हणालो. "ह्या वर्सा मदी उबे रवा."

ते हसले, मग डोळे पुसले. चतुर्थीला जेवायला या म्हणाले. येईन म्हटलं. पाट पोटाशी धरून ते बसस्टॉपकडे गेले.

ओसरीवर भिंतीला टेकवलेले दहा पाट उरले होते. त्या दहा घरांतली माणसं कुठल्या बाजूला उभी राहतात, ते मला आता विचारायचं होतं.