चार पावलांवरचा बाक

शेजारी कोणी बार्बेक्यूवर कांदा परतायला लागलं की मी उठून खिडकी लावतो. ऑस्ट्रेलियात डार्विन शहरातल्या एका सरकारी खात्यात होतो तेव्हा सुपरवायझरच्या बढतीची परीक्षा मी आणि टीममधल्या एका ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी बाईने दिली होती. दोघंही पास झालो, आणि तिच्या समाजाला नियमाने प्राधान्य असल्यामुळे जागा तिला मिळाली. ऑफिसात माझ्यासोबत रोज डबा खाणारी ती एकटीच. निकालाच्या दिवशी मी फोनवर बायकोला चिडून म्हटलं, "इथेही रिझर्व्हेशन!" ती म्हणाली, "का, तिला मार्क कमी होते?" ते मी विचारलंच नव्हतं. दुपारी ऑफिसमागे बार्बेक्यू होता. आभाळ नुसतं दाटलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. इतक्या वर्षांत माझं नाव कधी धड न घेतलेल्या एका गोऱ्या सीनियरने हाक मारून कांद्याने भरलेली प्लेट माझ्या हातात दिली आणि खांद्यावर थाप मारली. "आपल्यासारख्यांचं आता काही खरं नाही, मेट. बस आमच्यात." आपल्यासारख्यांचं! खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगलीच. तेवढ्यात समोरच्या बाकावर डबा उघडून बसलेल्या तिने मला पाहिलं आणि रोजच्यासारखी सरकून जागा केली. मी प्लेट धरून मधेच उभा. शेवटी जाऊन तिच्याशेजारी बसलो, तर तिचा डबा संपत आला होता. माझ्या प्लेटकडे बघत ती एवढंच म्हणाली, "उशीर केलास आज." कांदा गार झाला होता. चार पावलांवर बाक होता. खिडकी लावली तरी तो उशीर काही डोक्यातून जात नाही.