तिच्या केसांतला पांढरा रंग

जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगाचा वास आमच्या अकोल्याच्या घरात उदबत्तीच्याही आधी दरवळायचा. आमचे हे थेटरचे बोर्ड रंगवीत. मी शाळेत मराठी शिकवी. अंगणातल्या कडुनिंबाखाली प्रचंड कापड ताणून, त्यावर खडूच्या चौकटी आखून, मुंबईहून आलेल्या तळहाताएवढ्या फोटोवरून ते पुरुषभर उंचीचा चेहरा उभा करीत. त्या सगळ्या चेहऱ्यांत एक त्यांचा विशेष लाडका होता.

ती पंजाबी नटी. नाव कशाला सांगू? फाळणीनंतर इथे येऊन राहिलेल्या पंजाबी कुटुंबांसाठी एका रविवारी सकाळी तिचा पंजाबी बोलपट लागला, तो मीही पाहिला. एक अक्षर कळलं नाही, तरी तिच्या त्या निर्भर, मोकळ्या हसण्यानं माझे डोळे भरून आले. पुढे ती हिंदीत आली, नायिका झाली, आणि चारेक वर्षं आमच्या अंगणात तिचाच मुखचंद्र उगवत राहिला. तिच्या पापण्यांवर ह्यांनी जेवढा वेळ घालवला, तेवढा माझ्याशी बोलण्यात घालवला असता तर! होय, जळत होते मी. आता कबूल करायला लाज कसली?

पण कीर्ती किती चंचल! नव्या मुली आल्या. ती नायिकेची बहीण झाली, मग वहिनी, आणि बोर्डावरचा तिचा चेहरा मधून कडेला, कडेहून कोपऱ्यात सरकला. तिनं मात्र कुठेच हात आखडता घेतला नाही. दोनच प्रसंग असले तरी ते ती असे जीव ओतून करी की घरी परतताना बायका नायिकेला विसरून तिच्याबद्दलच बोलत. माझा मत्सर कधी आदरात विरघळला, मलाच कळलं नाही.

मग एक फोटो आला. आपल्या एकेकाळच्या नायकाची ती आता आई झाली होती. केस पिकलेले, डोक्यावर पांढरा पदर. ह्यांनी सगळा बोर्ड रंगवला आणि तिचे केस काळेभोर काढले. थेटरचे मॅनेजर संतापले. "शुक्रवारच्या आत केस पांढरे झाले नाई तं अमरावतीचा पेंटर आणतो," म्हणाले. त्या एका थेटरवर ह्यांचं सारं काम. पण हे ब्रश हातात धरायलाच तयार नाहीत. दोन दिवस कापडासमोर नुसते बसून.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले आणि मला राहवेना. म्हटलं, "तिनं आपल्या मनानं पांढरे लावले, तुमाले काहून जड जाऊन राहिलं? काम हाय ते तिचं. तुमी तिचं कामच पुसून राहिले."

त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, फोटो धूसर आहे, काळ्यातून पांढरा केस कसा निघतो ते नीट पाहावं लागेल. तू जरा उजेडात बस.

मी पाटावर बसून अंबाडा सोडला. ते कानशिलापाशी वाकले, एक बट बोटांवर घेतली आणि तसेच थांबले.

"तुह्ये केस कवा पांढरे झाले व?"

"ती वहिनी झाली तवा," मी म्हटलं.

ते माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि रंग कालवायचं सोडून माझ्याकडेच पाहत राहिले.

शुक्रवारी सकाळी बोर्ड लागला. लोक चौकात थांबून म्हणत, आई काय शोभून दिसते. तिच्या डोक्यावरचे केस माझे होते.