अप्पांना सांगायचं नाही

सिंगापूरला निघाले त्या दिवशी अप्पांनी माझी बॅग तीनदा उघडायला लावली. कुंभकोणमच्या बसस्टँडवर त्रिचीची गाडी सुटायला आली होती, कंडक्टर ओरडत होता आणि अप्पा एजंटने दिलेला नेमणुकीचा कागद उलटा करून उन्हात धरत होते. तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत त्यांचा जन्म साड्या तपासण्यात गेला. पदर कितीही झगमगो, ते आधी मागची बाजू बघायचे. "पुढची बाजू अस्के दाखिवतात, गे," हे त्यांचं नेहमीचं; अस्के म्हणजे आमच्या तंजावुरी मराठीत सगळे. मला इतका राग आला होता की धड नमस्कारही केला नाही. त्याची लाज अजून वाटते.

त्याला अकरा वर्षं झाली. तिथल्या हॉस्पिटलात मी नर्स आहे, आणि माझं काम जरा वेगळं. फार आजारी माणसांना शेवटच्या दिवसांबद्दल आधीच विचारून ठेवायचं. घरी राहायचंय की हॉस्पिटलात? मशीन लावायचं का? तुमची वाचा गेली तर तुमच्या वतीने कोण बोलेल? पेशंट बहुतेक चिनी म्हातारे. खोलीच्या दारातच थोरला मुलगा अडवतो, "बाबांना काही सांगू नका, हाय खातील." कागदावर सही केली तर बापाला वाऱ्यावर सोडलं म्हणून नातेवाईक नावं ठेवतील, ही धास्ती. म्हाताऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, "मुलाला विचारा." मला नेहमी संशय यायचा, हे बापाला जपतात की स्वतःला? आमच्यात असं नसतं, असं मी मैत्रिणींना सांगायची. मोठी शहाणी!

यंदा थोरल्या भावाचा, अण्णाचा, फोन आला. अप्पांना लिव्हरचा कॅन्सर, हाताबाहेर गेलेला. "अप्पांना सांगायचं नाहीं. गॅस्ट्रिक म्हणून सांगट्लों," अण्णा म्हणाला. मी रजा टाकून निघाले.

अप्पा खाटेवर बसले होते, अर्धे झालेले. "कां गे आलीस? लग्न नाहीं, सण नाहीं."

"रजा उरली होती अप्पा."

त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि वैनीला कॉफी टाकायला सांगितलं.

पिढ्यानपिढ्या आम्ही बाहेरच्यांपासून काही लपवायचं झालं की मराठीत बोलतो. दुकानात, बँकेत, डॉक्टरांपुढे. बाहेर तमिळ, आपापसात मराठी. पण अप्पांपासून लपवायचं तर कोणत्या भाषेत? मग मी आणि अण्णा मागच्या अंगणात इंग्रजी बोलायला लागलो. गाढवपणा दुसरा काय! अप्पांना इंग्रजी बेताचंच यायचं. पण जन्मात कधी या घरात न ऐकलेली भाषा दोन्ही मुलं कुजबुजायला लागली, म्हणजे काय ते कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

घरात कुणाचा कुणावर भरवसा उरला नाही. मी अप्पांना विचारू या म्हटलं की अण्णा उसळायचा, "तुला परत जायची घाई." मी अप्पांजवळ बसले की वैनी शेंगा निवडायला नेमकी त्याच उंबऱ्यावर. आणि अण्णाने रिपोर्टांची फाइल बीरोत, लोखंडी कपाटात, कुलूप लावून ठेवलेली. मला वाटायचं, त्याने स्वतःच ती पुरती वाचलेली नाही.

एका दुपारी वैनी दळण आणायला गेली. अप्पांनी सरळ विचारलं, "डाक्टर किती दिवस म्हणाला?"

रोज परक्यांशी हेच बोलणारी मी. नुसती रडले.

"उगे राहा," ते म्हणाले. "मिशीन नको मला. तंजावूरला न्यायचं नाहीं. हेंच घर, हीच खाट." मग दाराकडे बघून हळूच, "मला कळलं म्हणून अण्णाला सांगूं नको. तो भिऊन जाईल."

मुलगा बापाला जपत होता, बाप मुलाला. पण मी गप्प राहिले असते तर पहिला दम लागताच अण्णाने त्यांना गाडीत घालून तंजावूरच्या आयसीयूत नेलं असतं. संध्याकाळी मी अप्पांचा शब्द मोडला. अण्णाने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तूंच शिकवलीस त्यांना हें." आत जाऊन विचारलं मात्र नाही. रजा संपेपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी परतल्यावर बाविसाव्या दिवशी अप्पा गेले. घरी, खाटेवर. वैनी म्हणते, अँब्युलन्स दारात आली होती, अण्णाने परत धाडली. शेजारच्या मामी म्हणतात, कसली परत धाडली, गाडी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अण्णा काहीच म्हणत नाही. तेराव्यासाठी पुन्हा गेले तेव्हा मी तीन दिवस त्याच्याशेजारी बसले. त्याने अप्पांचं ऐकलं की नुसता उशीर झाला, हे एका प्रश्नात कळलं असतं.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, परमुलखात मी रोज दुसऱ्यांच्या बापांबद्दल नाही नाही ते विचारते आणि त्याचा पगार घेते. घर म्हणजे आता माझा अण्णा. दर रविवारी फोन करते आणि एवढंच विचारते, "जेवलास कां?"