उजेडासाठी तोडलेल्या फांद्या

वैशाखातल्या रखरखीत दुपारी परसातल्या रायवळ आंब्याच्या गर्द सावलीतून एक शुभ्र फीत लहरत गेली, आणि हातातली वाळवणाची परात तशीच धरून मी खिळून उभी राहिले. स्वर्गीय नर्तक! मुठीएवढा देह आणि मागे झुळझुळणारं, वीतभराहून लांब दुधाळ शेपूट. दोन फांद्यांच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं होतं. तांबूस मादी उठली की हा राजबिंडा नर अंड्यांवर बसे, आणि ते शेपूट घरट्याबाहेर निवांत लोंबत राही.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. मी नगरला सावेडीतल्या शाळेत शिकवते, आणि उन्हाळ्याची सुट्टी आईजवळ काढते. आईनं धुण्याचा दगड केव्हाच पुढच्या अंगणात नेला होता. "बाळंतिणीच्या दारात कशाला आदळाआपट?" ती म्हणाली.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली आणि मला राहवलं नाही. पक्षिप्रेमींच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये मी फोटो टाकला. कुणी विचारलं तेव्हा मिरवत गावाचं नाव, घराची खूणही सांगितली. दुसऱ्याच सकाळी दोन छायाचित्रकार दारात उतरले. आईनं त्यांना चहा दिला, गरम भाकरी वाढली.

"एखादी फांदी जरा बाजूला बांधू का, मॅडम?"

"बांधा," मी म्हणाले आणि दूध आणायला गेले.

परतले तेव्हा पानांनी लगडलेल्या तीन फांद्या जमिनीवर होत्या, आमच्याच कोयत्यानं तोडलेल्या. आई स्वयंपाकघरात त्यांच्यासाठीच पिठलं हाटत होती. तिला पत्ताही नव्हता. ऊन थेट घरट्यावर कोसळत होतं, पिल्लं चोची वासून धापा टाकत होती, आणि त्यांची ती धाप कॅमेरे टिपत होते.

"उजेड येत नव्हता," कॅमेऱ्यावरचा डोळा न हलवता एक जण म्हणाला. "फुटतील की पुन्हा फांद्या!"

सौंदर्याची उपासना म्हणतात ती हीच? ज्यांच्यावर जीव जडला म्हणायचं, त्यांच्याच डोक्यावरचं छप्पर उतरवायचं? मी किंचाळले. शेजारी धावत आले इतकी किंचाळले. ते दोघं मात्र कॅमेरे शांतपणे पुसून, पिशवीत भरून निघून गेले.

आम्ही मायलेकींनी काठ्यांवर जुनं लुगडं ताणून घरट्यावर सावली केली. संध्याकाळी मादी भीत भीत परतली. पण सकाळी भारद्वाज आला. ज्याचं दर्शन आम्ही शुभ मानतो, तोच घरटं रिकामं करून गेला. त्याच्यावर काय रागवायचं? त्याला वाट मोकळी करून दिली ती माणसांनी, आणि त्या माणसांना "बांधा" म्हणाले होते मी! चोचीत किडा धरून नर दुपारपर्यंत त्या बेचक्याभोवती घिरट्या घालत होता.

महिन्याभरानं त्या दोघांपैकी एकानं काढलेल्या, चोची वासलेल्या पिल्लांच्या फोटोला बक्षीस मिळालं. ग्रुपवर वाहवा ओसंडली. मी आईला फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला. "तहानल्याती गं," एवढंच म्हणाली.

त्या फोटोखाली मी लिहिलं: 'हे घरटं आमच्या परसातलं. फांद्या तोडून काढलेला फोटो आहे. पिल्लं दुसऱ्या दिवशी मेली. यात माझीही चूक आहे.'

'वैयक्तिक वाद इथे नकोत,' असं उत्तर आलं. पाठोपाठ मला ग्रुपमधून काढल्याची सूचना.

"काय म्हन्त्यात?" आईनं विचारलं.

"काढून टाकलं मला."

"लई बरं झालं," ती फणकारली. "आता कुनाला पत्ता दिऊ नको."