लाडापुरती भाषा

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमच्या सायकली दुरुस्त करणारे गृहस्थ मूळचे वेल्सचे. साठीचे असतील. पंक्चर काढताना ते सायकलचीसुद्धा समजूत घालतात, "थांब, कारियाद." माझ्या मुलीला "बाख" म्हणतात. कारियाद म्हणजे लाडके, बाख म्हणजे चिमुकले आणि कुच म्हणजे घट्ट मिठी, हे मला त्यांनीच शिकवलं. चिडतात मात्र इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये.

एकदा न राहवून मी विचारलं, "तुमच्या भाषेत रागवायला शब्दच नाहीत का हो?"

"असतील. मला येत नाहीत. आई लाड तेवढे वेल्शमध्ये करायची, बाकी सगळं इंग्रजीत."

गेल्या शनिवारी मी ब्रेक दाखवायला गेले, तेव्हा त्यांचा फोन स्पीकरवर होता. पलीकडून त्यांची आई वेल्शमध्ये भरभर बोलत होती. आजारपणानंतर ती इंग्रजी पार विसरली आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. हातातलं काम थांबवून ते ऐकत होते. ती थांबली की म्हणायचे, "कारियाद." पुन्हा थांबली की पुन्हा तेच. दहा मिनिटं अशीच गेली. शेवटी ते फोनजवळ वाकून म्हणाले, "कुच, माम. कुच." त्यावर ती काहीतरी बोलली आणि हसली.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही कळलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण हसली ना ती?"

"हसल्या," मी म्हटलं. "अगदी खळखळून."