क्वारंटीनचा नियम

माझे बाबा मुरबाडकडचे, पण उमेदीची वर्षं गेली समुद्रकाठी. जहाजावर ताप, देवी असलं काही निघालं की सगळ्यांना उतरवून जिथं ठेवायचे, त्या क्वारंटीनमध्ये ते स्वयंपाक्याच्या हाताखाली होते. कपडे वाफेच्या भट्टीत, माणसं बराकीत. जेवण आखलेल्या रेषेवर ठेवायचं आणि वीस पावलं मागं सरायचं. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. आता तिथं नुसत्या भिंती उरल्यात म्हणे.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. मी कल्याणच्या एका दवाखान्यात आया. निरोप मिळाला तशी दुधाच्या टेम्पोतून धसई गाठली, पुढं गावापर्यंत चालत. बाबा वेशीवरच काठी आडवी धरून उभे.

"दवाखान्यातनं आलीस. चौदा दिस शेतावरच्या झोपडीत. मंग आयेला भेट."

"बाबा, तोवर ती राहील का?"

"नियम म्हंजे नियम, बाय."

रोज ओढ्यापलीकडून यायचे, दगडावर भाकरी-जवळा ठेवायचे, वीस पावलं मागं. मी विचारायची, "आये कशी हाय?" "हाय. तू जेव." बस्स! डोकं असं फिरायचं की दोनदा भाकरी कावळ्यांना टाकली. मी पळत घरी का नाही गेले? भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू. शिवाय एक धीर होता. मी इतक्या जवळ आलेय हे आईला ठाऊक आहे, त्या आशेवर ती तग धरेल.

अकराव्या दिवशी बाबा रिकाम्या हातांनी आले आणि वीस पावलांवर मटकन खाली बसले. आईची चिता मी शेताच्या बांधावरून पाहिली.

वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. वर्षश्राद्धाला राहवेना, विचारलं, "आयेनं माझं नाव काढलं होतं?"

"रोज. पोर आली का, म्हनायची. मी सांगायचो, नाय आली."

माझा संताप संताप झाला. "का पण?"

"क्वारंटीनात एका बाईला मीच सांगितलं होतं, तुजा पोरगा आत हाय. ती रेषा ओलांडून आत शिरली. ती काय जिती परत गेली नाय. तुजी आये पन रांगत आली असती गो."

मग विचारलं, "नाय आली म्हटल्यावर काय म्हणायची?"

बाबांनी तोंड फिरवलं. "म्हनायची, येल. पोरीला रजा नसंल मिळाली."