पुसलेल्या पानांची नोंद

१४ फेब्रुवारी, बुधवार. नळाला पाणी साडेसहाला. रोपवाटिकेत कोबीच्या तीन ते सात या ओळी ओल्या कापसाने पुसल्या. पानांवर केवढी ती पांढरी धूळ! भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता रोपांचा भांगही पाडा." संध्याकाळी दूध नासले.

ही वही लिहिणाऱ्या बाईंना रोपवाटिकेत सगळे लख्खताई म्हणत. तीस वर्षे त्यांनी दवाखान्यात आयाचे काम केले. निवृत्तीनंतर धाकट्या दिराने त्यांना इथे चिकटवले. तो स्वतः इथे औषध फवारायचा. धुळीशी लख्खताईंचे हाडवैर. दाराची कडी, झारीचे तोंड, कुंडीचा काठ, त्यांच्या फडक्यातून काही सुटत नसे. आणि जे जे पुसले ते वहीत टिपायचे, ही वॉर्डातली सवय.

सोमवारी सकाळी पाहतात तर कोबीची चाळण झालेली! मोहरीएवढे काळे भुंगेरे टुणटुण उड्या मारत होते. मोठ्या बाई, म्हणजे मालकीण, दिरावर कडाडल्या, "फवारणी चुकवलीत ना? शनिवारपर्यंत दुसरीकडे काम बघा."

"बाई, शपथ घेतो, सगळ्या ओळींवर सारखाच पंप फिरवलाय!" एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा दीर एवढेच बोलला.

लख्खताई भोके न्याहाळत चालल्या होत्या. दुसरी ओळ जवळपास धड. आठवीही धड. खाल्लेल्या ओळी तीन, चार, पाच, सहा, सात. पिशवीतून वही काढून त्यांनी बुधवारचे पान उघडले. तीन ते सात! गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळले नसते. पण वहीत खोटे लिहायचे कसे, आणि दिराच्या पोराबाळांना तोंड कसे दाखवायचे?

"बाई, थांबा! भाऊजींनी नाही, मी केलंय हे! त्या ओळी मी पुसल्या. ही बघा, नोंद आहे!"

"पुसल्यानं भोकं पडतात का, वहिनी?" दीर पुटपुटला.

"पडतात का ते आत्ता बघू!" लख्खताईंच्या अंगात वारे शिरले होते. आठव्या ओळीतली दोन पाने त्यांनी खुडली, एक खसखसून पुसले, दुसरे तसेच ठेवले. भुंगेऱ्यांसकट दोन्ही काचेच्या बरणीत टाकली. मोठ्या बाईंनी भिंग आणले आणि तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"अगंबाई, घसरला! घसरला बघा!" पांढऱ्या पानावर भुंगेऱ्याचे पाय तेल सांडलेल्या फरशीवर पडावेत तसे सटकत होते. पायांना पांढरे पीठ चिकटले होते. बिचारा काठाला धरून जेमतेम कुरतडत होता. पुसलेल्या पानावर मात्र दुसरा भुंगेरा थेट मधोमध बसून ताव मारत होता.

"ही धूळ नव्हेच, ताई," मोठ्या बाई म्हणाल्या. "मेण आहे. पान स्वतःच अंगावर धरतं." राग विसरून त्यांनी भिंग शेजारच्या टोमॅटोच्या पानावर धरले. "आणि हे बघा!"

बारीक केस, टोकाटोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेला हिरवा मावा पाय झाडत होता!

"म्हणजे मी चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच दिल्या की!" लख्खताई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत म्हणाल्या. मग एकदम ओशाळल्या. "बाई, मग शनिवारी... मी जायचं का?"

"कुणीच जायचं नाही. तुमची वही नसती तर मी भलत्याच माणसाला घालवलं असतं. वही रोज आणा. फडकं मात्र इकडे द्या."

"मेण तर मेण," दीर हसला, "वाचवलंत, वहिनी. आता माझा पंप तरी पुसू नका!"

त्या संध्याकाळी लख्खताईंनी दोन पाने भरून लिहिले, भिंगात दिसलेला केस न् केस. शेवटची ओळ अशी: घरी येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा पुसल्या.